नॉर्थगेटचा पायी-सायकलचा पूल: पूल एक नंबर, पण त्याच्या पैशाची गोष्टही वाचा

सिएटलमध्ये राहणाऱ्या, किंवा मुलाकडे-मुलीकडे चार-सहा महिने येऊन राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. पुलाचा कोण रिव्ह्यू लिहितं असं वाटेल, पण हॉटेलात आपण महिन्यातून एकदा जातो आणि त्यावर पानभर लिहितो, मग ज्या गोष्टीवरून रोज जातो-येतो तिच्यावर का लिहू नये. तर जॉन लुईस मेमोरियल ब्रिज, म्हणजे आय-फाइव्ह हायवेच्या डोक्यावरून नॉर्थगेट लाइट रेल (म्हणजे इथली मेट्रोसारखी ट्रेन) स्टेशनला जाणारा, फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा पूल. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे सांगतेच.

आधी जागा कशी आहे ते सांगते म्हणजे पुलाची किंमत कळेल. हायवेच्या पूर्वेला स्टेशन, बस टर्मिनल आणि जुना नॉर्थगेट मॉल, म्हणजे आता तिथे बरंचसं नवीन बांधकाम आणि आइस हॉकीची क्रॅकन टीमची प्रॅक्टिसची रिंक. पश्चिमेला नॉर्थ सिएटल कॉलेज आणि लिक्टन स्प्रिंग्जची वस्ती. मधे आय-फाइव्ह. हा हायवे १९६० च्या दशकात इथून काढला आणि वस्तीचे सरळ दोन तुकडे झाले. कॉलेजच्या गेटातून समोर बघितलं तर मॉल दिसायचा, पण चालत जायचं तर उत्तरेला नॉर्थगेट वेवरून नाहीतर दक्षिणेला ९२व्या स्ट्रीटच्या पुलावरून वळसा, मैलाच्या वर चाल. त्यात नॉर्थगेट वे म्हणजे हायवेवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांची रांग, तिथून लहान मुलाला सायकलवर न्यायचं म्हणजे जीव मुठीत धरून. आता तेच अंतर पुलावरून साधारण १९०० फूट, म्हणजे पाऊण किलोमीटरही नाही. रमतगमत चाललं तरी दहा मिनिटांच्या आत.

पुलाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की तो स्टेशनच्या जवळ जाऊन सोडून देत नाही, थेट स्टेशनच्या मधल्या मजल्यावर नेऊन पोचवतो. तिथून एक मजला वर की प्लॅटफॉर्म. खाली उतरा, रस्ता ओलांडा, सिग्नलला थांबा, परत वर चढा, असलं काही नाही. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, ती गेल्या उन्हाळ्यात आली होती तेव्हा कॉलेजच्या बाजूने रॅम्पवरून हळूहळू चढून, मधे कठड्याला टेकून, आरामात स्टेशनात गेली. बाबा तर म्हणाले, "अगं, हे तर स्टेशनच्या आतच निघालं की!" बाबांना जिन्यांच्या पुलांची सवय, दादरला जन्म गेला त्यांचा, त्यामुळे पूल म्हटलं की आधी पायऱ्या आणि मग गर्दी हेच त्यांच्या डोक्यात. चढ इतका बेताचा ठेवलाय की व्हीलचेअर, स्ट्रोलर, सायकल सगळं जातं. दुसऱ्या टोकाला फर्स्ट अव्हेन्यूवर उतरायलाही वाट आहे, म्हणजे ज्यांना ट्रेन पकडायची नाही, नुसतं मॉलकडे किंवा रिंककडे जायचंय तेही यावरून जातात. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर बॅगा पाठीवर टाकून मुलंमुली जातात, कुत्रा घेऊन फिरणारे, पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलच्या मागच्या पिशव्यांत, भाजी भरून सायकलवर परतणारे, सगळे. कॉलेजच्या बाजूला पाणथळ जागा आहे, तिथे पावसाळी दिवसांत बदकं दिसतात, तेवढा भाग फार छान वाटतो.

सायकलवाल्यांना अजून एक सांगते, सायकल ट्रेनमध्ये नेता येते, डब्यात अडकवायला हुकही असतात. पण ऑफिसच्या वेळेला गर्दी असते तेव्हा स्टेशनवर सायकल लावून जाणं बरं, तशी सोय स्टेशनात केलेली आहे. डाउनटाउनला पंधराएक मिनिटं, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला त्याच्या अर्ध्या वेळात. पार्किंग शोधायची कटकट शून्य.

आता अर्धा मार्क कुठे गेला. पुलाला छप्पर नाही. सिएटलच्या पावसाला इथले लोक छत्री उघडत नाहीत हे मलाही माहितीय, पण ऑक्टोबर ते मार्च वर उघड्यावर वारा आणि भुरभुर पाऊस एकदम लागतो, आणि आपल्याकडून आलेल्या आजी-आजोबांना तो झेपत नाही, त्यांना विंडचीटर घालूनच न्या. दुसरं म्हणजे आवाज. खालून आठ-दहा लेन गाड्या धावतायत, त्यामुळे मधल्या भागात फोनवर बोलायचं विसरा. आणि तिसरं, चालणारे आणि सायकलवाले एकाच पट्ट्यावर. रुंदी चांगली आहे त्यामुळे एरवी निभतं, पण उतारावर सायकली वेगात येतात, लहान मूल हात सोडून पळणारं असेल तर लक्ष ठेवा.

यापेक्षा मोठी अडचण पुलाची नाहीच, पूल उतरतो त्या वस्तीची आहे. ८५व्या स्ट्रीटच्या उत्तरेचा भाग सिएटल शहरात १९५४ मध्ये सामील झाला, आणि तोपर्यंत तिथे फुटपाथ बांधायची पद्धतच नव्हती, त्यामुळे आजही लिक्टन स्प्रिंग्जच्या कित्येक गल्ल्यांना फुटपाथ नाही. म्हणजे कोट्यवधी डॉलरच्या पुलावरून तुम्ही झोकात उतरता आणि पुढे घरापर्यंत रस्त्याच्या कडेच्या खडीवरून, पार्क केलेल्या गाड्यांच्या बाजूने चालता. स्टेशनला जायची वाट घराच्या दारापासून सुरू होते, हे पैसे वाटणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवं.

आणि आता पैशाचंच बोलते, कारण मला खरं तर त्यासाठीच लिहायचं होतं.

पूल आणि स्टेशन एकाच दिवशी उघडले, २ ऑक्टोबर २०२१. त्यामुळे नव्याने आलेल्या कोणालाही वाटतं की हे सगळं एकत्रच ठरलं, एकत्रच बांधलं. तसं नाहीये. युनिव्हर्सिटीपासून नॉर्थगेटपर्यंतची ४.३ मैलांची लाइन, तीन स्टेशनं, बहुतेक सगळी बोगद्यातून, साधारण १९० कोटी डॉलरचा प्रकल्प. त्यात हा पूल धरलेलाच नव्हता. स्टेशन हायवेच्या अगदी कडेला, समोर हजारो विद्यार्थ्यांचं कॉलेज, आणि तिकडून यायची वाट प्रकल्पात नाही! जिना न लावता माळा बांधल्यासारखं झालं हे.

मग वाट कोणाच्या खिशातून काढायची यावर कितीतरी वर्षं घोळ. वस्तीतले लोक, कॉलेज, आणि कॅस्केड बायसिकल क्लबसारख्या सायकलवाल्यांच्या संघटना मागे लागल्या. तेव्हा वाद होता पार्किंग गॅरेजचा. स्टेशनच्या कामात मॉलच्या पार्किंगच्या जागा जाणार, त्या भरून द्यायला गॅरेज बांधायचं होतं. लोकांचा प्रश्न साधा होता, गाड्या ठेवायला पैसे आहेत तर माणसांना चालत यायला का नाहीत? मला हा प्रश्न आजही तितकाच बरोबर वाटतो. या भागातल्या स्टेशनांच्या नवीन गॅरेजांमध्ये एकेका गाडीच्या जागेला लाख डॉलरच्या वर खर्च आल्याची उदाहरणं आहेत. एका जागेत सकाळी एक गाडी येते आणि संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहते, म्हणजे दिवसाला एखाद-दुसरा प्रवासी. पुलावरून जाणाऱ्यांना अशी मर्यादाच नाही.

शेवटी २०१२ च्या सुमारास लाइट रेल चालवणाऱ्या साउंड ट्रान्झिटने आपला वाटा द्यायचं मान्य केलं, पण अट अशी की शहरानेही तेवढाच हात सैल करायचा आणि बाकीचे पैसे वेळेत उभे करायचे. तेव्हा खर्चाचा अंदाज दोनेक कोटी डॉलरचा होता. शहराने फेडरल सरकारच्या टायगर ग्रँटसाठी अर्ज केला. ही वाहतुकीच्या कामांसाठीची ग्रँट २००९ च्या मंदीनंतर सुरू झालेली, देशभरातून अर्ज यायचे आणि निवड व्हायची थोड्यांचीच. नॉर्थगेटच्या पुलाला ती मिळाली नाही. आता बघा, चार जणांनी मिळून पैसे घालायचे आणि त्यातला एक जरी मागे सरला तरी उरलेल्या तिघांचे पैसे अडकून पडतात, कारण प्रत्येकाच्या अटीत दुसऱ्याचं नाव असतं. अशा वर्गणीच्या पद्धतीत पूल आवश्यक आहे की नाही यावर कोणी भांडत नाही, सगळे म्हणतात आवश्यकच आहे, फक्त पहिला चेक कोणी फाडायचा एवढ्यावर वर्षं जातात.

सुटका केली ती शहरातल्या घरमालकांनी. नोव्हेंबर २०१५ मध्ये मूव्ह सिएटल नावाची लेव्ही मतदानाला आली, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सवर नऊ वर्षांसाठी जास्तीचा कर, एकूण ९३ कोटी डॉलर, रस्ते-पूल-फुटपाथ-बस-सायकल सगळ्यासाठी. त्यात या पुलासाठी दीड कोटी डॉलर नाव घालून ठेवले होते. इकडची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे असा कर नगरपालिका परस्पर लावत नाही, मतपत्रिकेवर येतो, लोक हो किंवा नाही म्हणतात. लोकांनी हो म्हटलं. साडेचार लाख डॉलरच्या घराला वर्षाला साधारण २७५ डॉलर पडतील असं तेव्हा सांगितलं होतं. मी बसून हिशोब केला, ९३ कोटींतले दीड कोटी म्हणजे दीड टक्क्याच्या जरा वर, म्हणजे त्या २७५ मधले साडेचार डॉलर पुलाचे. नऊ वर्षांचे मिळून एका घरामागे चाळीस डॉलर. चौघांचं एक वेळचं थाळी जेवण याच्यापेक्षा महाग पडतं इथे. आणि यात पूल आयुष्यभराचा.

पण तोपर्यंत खर्च वाढत गेला. डिझाइन बदललं, मजुरी वाढली, स्टील वाढलं, आणि शेवटी पूल पडला ५ कोटी ६० लाख डॉलरला. सुरुवातीच्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट. लोक हा आकडा ऐकून डोळे मोठे करतात, "एका चालायच्या पुलाला एवढे?" माझं म्हणणं, तो आकडा शेजारच्या आकड्याला लावून बघा. १९० कोटींची लाइन, तिच्या पुढे ५.६ कोटी म्हणजे तीन टक्के. शंभर रुपयांच्या स्टेशनला तीन रुपयांची वाट. ते तीन रुपये पहिल्याच दिवशी प्रकल्पात धरले असते तर ग्रँटचे अर्ज, अटी, मुदती, मतदान यातलं काही करायला लागलं नसतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या भावात काम झालं असतं. उशीर फुकट नसतो, बांधकामात तर नाहीच. दरवर्षी थांबलं की दरवर्षी भाव वर.

काही लोक म्हणतात सरकारकडे कशाला मागायचं, कंपन्यांना सांगा. त्याचंही उदाहरण आपल्याच भागात आहे आणि आपल्यातल्या कितीतरी जणांच्या रोजच्या वाटेवर आहे. रेडमंड टेक्नॉलॉजी स्टेशन, जे लाइट रेलच्याच टू लाइन या दुसऱ्या मार्गावर २७ एप्रिल २०२४ ला उघडलं, तिथे ५२० हायवेवरून पायी-सायकलचा पूल आहे, तो मायक्रोसॉफ्टच्या पैशातून झाला. पूल उत्तम आहे, मला काही तक्रार नाही, दोन्ही बाजूला त्यांचंच कॅम्पस असल्यामुळे त्यांना तो हवाच होता. पण मायक्रोसॉफ्ट प्रत्येक स्टेशनशेजारी नसते ना. नॉर्थगेटच्या पलीकडे होतं एक सरकारी कम्युनिटी कॉलेज, जिथे नोकरी सांभाळून शिकणारे, नव्याने देशात आलेले, इंग्लिशचे वर्ग करणारे लोक येतात. या लोकांना गाडी परवडत नाही म्हणून ट्रेन हवी, आणि त्यांच्यासाठी चेक फाडणारा कोणी नव्हता. जिथे श्रीमंत शेजारी आहे तिथेच पूल होणार असेल तर ज्यांना चालावंच लागतं त्यांना तो शेवटी मिळणार. म्हणून हा पैसा सार्वजनिकच हवा, मी यावर ठाम आहे.

आपल्याकडचंही एक सांगते, कारण इथे बसून तिकडच्या बातम्या वाचतेच. पुण्यात मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनपासून नदीवरून शनिवार पेठेकडे पादचारी पूल मेट्रोच्याच कामात घेतला. नदीपलीकडची माणसं स्टेशनला कशी येणार हा विचार स्टेशनसोबतच झाला, हे मला फार योग्य वाटलं. याच्या उलट मुंबईत स्कायवॉकला पैसे एकदम मिळाले, वांद्रे पूर्वेचा स्कायवॉक २००८ मध्ये पहिला उघडला, पण २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद करायला लागला. तिथले लोक तेव्हा पुन्हा खाली रिक्षांच्या गर्दीत आले. बांधायचे पैसे उभे करताना सगळे फोटोला येतात, पण जॉइंट तपासायचे, दिवे बदलायचे, गंज काढायचा, याचा पैसा दरवर्षी लागतो आणि तो कोणाच्याच जाहीरनाम्यात नसतो. नॉर्थगेटचा पूल शहराच्या मालकीचा आहे, म्हणजे देखभालही शहराच्या रस्ते खात्याकडे, आणि ते खातं पुन्हा बरंचसं लेव्हीवर चालतं. मूव्ह सिएटल संपल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढची लेव्ही आली, १५५ कोटी डॉलरची, आठ वर्षांची, तीही लोकांनी पास केली. घरमालक मंडळींमध्ये टॅक्स वाढला म्हणून कुरकुर होते, आमच्या मित्रमंडळींतही झाली, मी समजू शकते, घराचे हप्ते आहेत, डे-केअर आहे. पण बिल हातात आलं की त्यातलं काय काय आपण रोज वापरतो ते एकदा बघा.

नावाबद्दल दोन ओळी. जॉन लुईस हे जॉर्जियाचे काँग्रेसमन, काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातले पहिल्या फळीतले नेते. ७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्मा गावात मतदानाच्या हक्कासाठी एडमंड पेटस पुलावरून मोर्चा नेताना पोलिसांनी त्यांची कवटी फुटेपर्यंत मारलं होतं. २०२० च्या जुलैमध्ये ते गेले. मुलांना घेऊन जाल तेव्हा एवढं नक्की सांगा, माझ्या मुलीने ते ऐकल्यावर नंतर स्वतः शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक शोधून आणलं.

आणि हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे हीच गोष्ट तीनेक मैल उत्तरेला परत घडलीय. शोरलाइन साउथचं १४८व्या स्ट्रीटचं स्टेशन ३० ऑगस्ट २०२४ ला लिनवूडच्या लाइनबरोबर उघडलं. तेही आय-फाइव्हच्या पूर्व कडेला, आणि पश्चिमेकडच्या लोकांसाठी हायवेवरून पायी-सायकलचा पूल पुन्हा स्टेशनच्या प्रकल्पाबाहेर, शोरलाइन शहराच्या गळ्यात. छोटं शहर, त्यांनी शहर, राज्य, फेडरल, साउंड ट्रान्झिट अशी सगळीकडून जुळवाजुळव केली, टप्प्याटप्प्याने काम घेतलं, आणि स्टेशन उघडलं त्या दिवशी पूल नव्हता. नॉर्थगेटला निदान दोन्हींची तारीख एक झाली. शोरलाइनच्या पश्चिमेला आपली बरीच मराठी कुटुंबं घरं बघतायत, एजंट नकाशावर स्टेशन दाखवतो, "बघा, अर्धा मैल!" ते अर्धा मैल पुलावरून मोजलेलं आहे का हायवेला वळसा घालून, हे विचारा, आणि शक्यतो संध्याकाळच्या वेळेला स्वतः चालून बघा.

नॉर्थगेटला जायचं असेल तर गाडी आणू नका, पुलाची मजा पश्चिमेकडून चढण्यात आहे. कॉलेजच्या बाजूने या, सकाळी दहानंतर या म्हणजे सायकलींची घाई ओसरलेली असते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ट्रेन फुकट, मोठ्यांचं तिकीट तीन डॉलर, ऑर्का कार्ड (ट्रेन-बसच्या तिकिटाचं कार्ड) सोबत ठेवा. आणि शहराची किंवा साउंड ट्रान्झिटची नवीन स्टेशनांबद्दलची ओपन हाउस मीटिंग (लोकांची मतं ऐकायची खुली बैठक) लागली, ऑनलाइनही असतात, तर पाच मिनिटं काढून एवढंच लिहा, की हायवेच्या पलीकडून यायची वाट याच बजेटमध्ये आहे का. मी लिहिते, आमच्या बिल्डिंगमधल्या दोघीतिघींनाही लिहायला लावते.